मासळीची २०७ : पत्र्याखालचं पाणी

जूनच्या पहिल्या आठवड्यात मासेमारी बंद झाली की आमच्या डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपमध्ये मासळीच्या गाड्या यायला लागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी, त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात माल नाही आणि गाड्या दारात उभ्या. मालकाच्या दृष्टीने दुरुस्तीला हेच दोन महिने मोकळे. पत्र्याच्या आणि रंगाच्या दृष्टीने मात्र वर्षातले सगळ्यात वाईट तेच. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा याच काळात कोसळतो. ही अडचण या कामात शेवटपर्यंत मानगुटीवर बसून होती, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी आलेली ही गाडी टाटा २०७ डीआय पिकअप, २००७ सालची, पांढरी. बाप-लेक आलटून पालटून चालवतात. संध्याकाळी बंदरावर माल भरायचा, आंबा घाट चढून रात्रीतून कोल्हापूर गाठायचं, साधारण १३० किलोमीटर, आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन परत. इंजिनाची तक्रार नव्हती. बॉडीची होती.

"मिस्त्री, ऑगस्टात पासिंग आहे," काका म्हणाले. "डेंटिंग-पेंटिंग करून द्या, गाडी बरी दिसली म्हणजे झालं. जास्त उघडू नका."

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, त्यामुळे 'पासिंगपुरतं करून द्या' हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकतो. त्यात चूक काही नाही, पोटापाण्याचा हिशोब असतो. पण गाडी आत घेण्याआधी मी एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून सगळीकडून फिरवतो. दरवाज्याच्या वरच्या भागाला तो घट्ट चिकटला. खालच्या वीतभर पट्ट्यात सरळ घसरून पडला. डाव्या दरवाज्याखाली पेचकसाचं टोक नुसतं टेकवून दाबलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं आणि तळहाताएवढा तुकडा खाली पडला.

तो तुकडा मी काकांच्या हातात दिला. कडेने पाहिलं की सगळं दिसत होतं: वर पांढरा रंग, खाली खड्डे भरायची राखाडी पुट्टी, मग परत जुना पांढरा रंग, परत पुट्टी, मध्ये मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आणि सगळ्यात आत तांबडी भुकटी. जाडी जवळजवळ सेंटिमीटरभर. पत्रा म्हणून त्यात काही उरलंच नव्हतं. पूर्वी कुठेतरी दोनदा हे काम झालं होतं आणि दोन्ही वेळा गाडी पासिंगपुरती छान दिसली असणार. काका बराच वेळ तो तुकडा उलटसुलट करत राहिले. मग मुलगाच म्हणाला, "बाबा, उघडू दे त्यांना."

ठरलं असं की आधी हौदा, म्हणजे माल भरायचा मागचा भाग, उचलायचा, खाली काय आहे ते बघायचं, आणि मगच किती काम करायचं ते बोलायचं. नुसत्या रंगकामाचा अंदाज मी ३० हजार सांगितला होता. तो आकडा टिकणार नाही, हे मला चुंबक पडला तेव्हाच कळलं होतं.

गंज सगळ्याच गाड्यांना चढतो, मासळीच्या गाडीला वेगळा चढतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. क्रेटमधून गळणाऱ्या पाण्यात वितळलेला बर्फ असतो, मासळीबरोबर आलेलं खारं पाणी असतं, रक्त, खवले आणि चिकटा असतो. पावसाचं पाणी वाहून जातं, उन्हात सुकतं. हे पाणी चिकटून बसतं. खवले भोकांत अडकतात, भोक बुजतं, पाणी आत साचतं. सुकलं तरी मीठ मागे राहतं, आणि हवा दमट झाली की ते मीठच हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे गाडी दारात उभी असली तरी आत पत्रा खाणं चालूच. मालक नेहमी सांगतात, "पावसाळ्यात तर गाडी बाहेरसुद्धा काढली नाही." त्यांना खोटं बोलायचं नसतं. मीठ आत असताना उभ्या गाडीचीही सुटका नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

बॅटरीच्या वायरी काढल्या, मागच्या दिव्यांची वायरिंग सोडवली. हौदा चासीला बांधणारे यू-बोल्ट पान्याने सुटायच्या पलीकडे गेले होते, ते ग्राइंडरने कापले आणि चेन ब्लॉकने हौदा उचलून ठोकळ्यांवर ठेवला.

हौद्याच्या तळाला वरून अॅल्युमिनियमची नक्षीची शीट ठोकलेली होती. त्याखाली प्लायवूड, त्याखाली मूळ लोखंडी पत्रा. धुवायला सोपं आणि दिसायला स्वच्छ म्हणून ही शीट बरेच जण टाकतात. रिव्हेट कापून ती उलटी केली तर प्रत्येक लोखंडी रिव्हेटभोवती पांढऱ्या भुकटीचं रुपयाएवढं वर्तुळ. खाऱ्या पाण्यात लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकून राहिले की आधी अॅल्युमिनियम झिजतं. रिव्हेटभोवतीची भोकं त्यामुळे मोठी झाली होती आणि प्रत्येक भोकातून पाणी खाली झिरपत होतं. खालचं प्लायवूड पुठ्ठ्यासारखं पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होतं. त्याने वर्षानुवर्षं ओल्या फडक्यासारखं पाणी धरून ठेवलं होतं, आणि मूळ पत्रा त्या ओल्या फडक्याखाली झाकलेला. पुढच्या डाव्या कोपऱ्यात पत्र्यातून खालची जमीन दिसत होती.

तळाला खालून आधार देणाऱ्या, यू आकाराच्या सात आडव्या लोखंडी चॅनेलपैकी चार कामातून गेलेल्या. त्यांची उघडी बाजू वर ठेवून कुणीतरी त्या बसवल्या होत्या, म्हणजे प्रत्येक चॅनेल एक छोटी पन्हळ झाली होती. माझ्या डेंटरने एका चॅनेलमधून घमेलंभर खवले आणि गंजाचे पापुद्रे काढले. वर्कशॉपमध्ये बंदरासारखा वास भरला, दोन दिवस जात नव्हता.

मला खरी भीती चासीची होती. हौदा आणि चासी यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या होत्या, त्याही भिजून फुगलेल्या, आणि त्यांच्याखाली चासीच्या वरच्या पट्टीला जाड खपली धरलेली. हातोडीने ठोकत पुढून मागे गेलो. निरोगी लोखंड टणटण वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. सगळीकडे टणटण आलं. खपली काढल्यावर जिथे कारखान्यातली भोकं आहेत तिथे व्हर्नियर लावून जाडी पाहिली, घट फारच थोडी होती. चासी गेलेली असती तर मी हे काम घेतलंच नसतं, काकांना गाडी मोडीत काढायला सांगितलं असतं. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला मी वेल्डिंगही करत नाही आणि नवं भोकही पाडत नाही. गाडीचा सगळा भार त्या पट्ट्यांवर असतो, आणि डाग दिला की तिथून तडा जाण्याची शक्यता वाढते. इथे त्याची गरज पडली नाही.

मग बसून बोललो. काकांनी विचारलं की नवा हौदाच का बांधून घेऊ नये. मीही हिशोब केला. बाजूच्या भिंती वरून चांगल्या होत्या, फाळका बिजागऱ्यांसकट चांगला होता. तळ, चार चॅनेल आणि भिंतींची खालची सहा इंच पट्टी बदलली की हौदा नव्यासारखा होत होता, तोही नव्याच्या निम्म्या खर्चात. केबिनमध्ये दोन्ही दरवाज्यांचे तळ, दोन्ही पायदानं, ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन आणि मागच्या भिंतीचा खालचा सांधा. एकूण आकडा ९२ हजारांवर गेला. काकांनी एक दिवस मागितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हो म्हणाले.

ड्रायव्हरच्या पायाखालचा गंज आतून आलेला होता. काचेच्या रबरातूनही थोडं पाणी येत होतं, पण मुख्य कारण गमबूट. ओल्या गमबुटांनी क्रेट भरायचे आणि तसंच चढून बसायचं. रबरी मॅटखाली आवाज कमी करायला नमदा असतो, तो ते खारं पाणी पितो. क्लचजवळ, जिथे टाच टेकते, तिथे मॅट उचलली तर तळहाताएवढं भोक. उलट क्लीनरच्या बाजूला, जिथून मला जास्त अपेक्षा होती, तिथे फक्त वरवरचा गंज.

दरवाज्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जाऊ दिला. दरवाज्याचा बाहेरचा पत्रा तळाशी आतल्या सांगाड्यावर दुमडून दाबलेला असतो. ती घडी म्हणजे पाण्याचं घर, एकदा ओल शिरली की बाहेर येत नाही. म्हणून काचेवरून आत उतरलेलं पाणी निघून जायला तळाला भोकं ठेवलेली असतात. इथे ती तिन्ही भोकं पुट्टीने बुजवलेली निघाली. ज्याने कुणी पुट्टी भरली त्याला दरवाज्याची खालची कड सरळ, गुळगुळीत दिसायला हवी होती. त्या गुळगुळीतपणामुळे दोन्ही दरवाजे पाण्याने भरलेल्या डब्यासारखे झाले.

कापताना एकच नियम ठेवला: चकचकीत, जाड पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. गंजलेल्या कडेला डाग देऊन उपयोग नाही, तार लावली की कड वितळून भोक मोठं होत जातं. साडेचार इंचांची पट्टी कापून काढली, तेवढीच नवी २० गेजच्या पत्र्याची, म्हणजे ०.९ मिलिमीटरची, वाकवून बनवली. पाण्याची भोकं आधीच पाडून घेतली, आधीपेक्षा थोडी मोठी. गॅसने वेल्डिंग केलं असतं तर एवढ्या पातळ पत्र्याला उष्णतेने वळ्या पडल्या असत्या, आणि त्या वळ्या झाकायला परत पुट्टी. म्हणून सीओटू वेल्डिंग, म्हणजे वायूच्या आडोशात बारीक तारेने केलेलं, ०.८ मिलिमीटरची तार, आणि सलग रेघेऐवजी सुटे टाके. पहिला टाका डाव्या टोकाला, दुसरा उजव्या, तिसरा मध्ये, असं उड्या मारत जायचं, प्रत्येक टाक्यानंतर ओलं फडकं टेकवून थंड करायचं. एका दरवाज्याला माझ्या डेंटरने जवळपास पूर्ण दिवस घेतला. सायंकाळी त्याने तळव्याने दरवाजा वरून खाली कुरवाळला आणि सांधा बोटांना सापडेना, तेव्हा मला म्हणाला, "पुट्टीचा डबा आणूच नका." आणली शेवटी, पण दीड मिलिमीटरच्या वर कुठे लागली नाही.

हौद्याचा तळ ३ मिलिमीटरच्या लोखंडी चेकर प्लेटचा, म्हणजे उठावाच्या नक्षीच्या जाड पत्र्याचा, केला. तिचं वजन चौरस मीटरला साधारण २४ किलो, काकांना ते जास्त वाटलं. पण प्लायवूड आणि अॅल्युमिनियम दोन्ही गेलं होतं, आणि मला एकावर एक दोन थर अजिबात नको होते. जिथे दोन थर, तिथे मध्ये पाणी. प्लेटच्या कडा चार इंच वर वळवून भिंतींना सलग वेल्डिंग केलं, कुठेही तुटक टाका नाही. नव्या चॅनेल उघडी बाजू आडवी करून बसवल्या, म्हणजे त्यात काही साचायला जागा नाही. लाकडी पट्ट्यांऐवजी जुन्या कन्व्हेअरच्या पट्ट्याचं रबर कापून घातलं.

आणि तळाला उतार दिला. पुढून मागे, डाव्या कोपऱ्याकडे, १५ मिलिमीटरचा. कोपऱ्यात दीड इंची भोक, त्याला पाइप, आणि पाइप खाली चासीच्या बाहेर बांधलेल्या ३५ लिटरच्या टाकीत, टाकीला कॉक. भोकावर काढता येणारी जाळी, खवल्यांसाठी. हे काम काकांनी मागितलं नव्हतं, मीच आग्रह धरला. एक तर ते पाणी चासीवर, स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि ब्रेकच्या पाइपांवर गळत होतं. दुसरं, आंबा घाटाच्या वळणांवर मासळीच्या गाडीचं पाणी सांडतं आणि मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. मी स्वतः त्या रस्त्याने स्कूटरवरून गेलो आहे, पुढे मासळीची गाडी असली की पोटात गोळा येतो. काकांच्या मुलाला हे लगेच पटलं. टाकीचं ब्रॅकेट त्याने स्वतः माझ्याबरोबर उभं राहून बसवून घेतलं.

आता पावसाबद्दल. घासून चकचकीत केलेला पत्रा सकाळी दहाला चांदीसारखा असायचा आणि चहा पिऊन येईपर्यंत त्यावर हळदीसारखी छटा यायची. म्हणून दिवसाला तेवढाच भाग उघडायचा, जेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लागेल. उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही.

त्याच्याही आधी मीठ काढणं. गंज घासून निघतो, मीठ निघत नाही. ते पत्र्यावरच्या बारीक खड्ड्यांत बसलेलं असतं आणि प्रायमरच्या खालून वर्षभरात फोड आणतं. म्हणून घासायचं, गोड्या पाण्याने ब्रशने धुवायचं, गरम हवेच्या ब्लोअरने सुकवायचं, परत घासायचं. असं तीनदा. मीठ उरलंय का ते ओळखायची आमची जुनी रीत म्हणजे एक छोटा भाग मुद्दाम रात्रभर उघडा ठेवायचा. सकाळी खड्ड्यांत काळसर ओले ठिपके दिसले की मीठ आहे. चासीवर दोन ठिकाणी असे ठिपके आले, तिथे परत पहिल्यापासून.

रंग धरायला पत्रा नुसता कोरडा दिसून चालत नाही. दमट हवेत थंड पत्र्याला घाम येतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली हवा, आणि पत्र्याचं तापमान ज्या तापमानाला दव पडतं त्याहून किमान ३ अंश वर हवं. बाजारात मिळणारं साधं दमटपणाचं मीटर भिंतीला लावलं, हॅलोजनचे दिवे पत्र्यासमोर ठेवून तो आधी उबदार करून घेतला. तरी जुलैत सलग नऊ दिवस रंगाची गन हातात घेतली नाही. काका रोज फोन करायचे. नारळी पौर्णिमेच्या आत गाडी रस्त्यावर हवी होती, १ ऑगस्टला बोटी सुटणार होत्या.

प्रायमरवरून माझा आणि माझ्या पेंटरचा वाद झाला. त्याचं म्हणणं, आयुष्यभर रेड ऑक्साइडचं तांबडं प्रायमर मारलंय, आता काय झालं. साधं रेड ऑक्साइड बंदर सोडून वीस किलोमीटर आत राहणाऱ्या गाडीला चालेल, पण त्याच्यातून ओल झिरपते. इथे दोन डबे मिसळून लावायचं ईपॉक्सी प्रायमर हवं, आणि पुट्टी लावायची तर त्या ईपॉक्सीच्या वर. पुट्टी स्वतः पाणी पिते, उघड्या पत्र्यावर ती लावली की लोखंडाला ओला स्पंज बांधल्यासारखं होतं. त्याने शेवटी माझं ऐकलं, आणि बंद पोकळ्यांत, दरवाज्यांच्या आत आणि खांबांच्या तळाशी, लांब नळीने मेण मारायची कल्पना मात्र त्याचीच होती. ती माझ्या मनात नव्हती, आणि आता मी प्रत्येक मासळीच्या गाडीला ते करतो.

वरचा रंग पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन, पांढराच. आरसी बुकात पांढरा आहे, रंग बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, आणि उगाच तो फेरा कशाला. पीयूच्या हार्डनरचंही पाण्याशी वाकडं आहे, दमट हवेत रंगात बारीक बुडबुडे येतात. त्याची वाफ फुप्फुसाला वाईट, म्हणून पेंटरला फडकं बांधू दिलं नाही, फिल्टरचा मास्क घालायला लावला. एरवी धूळ बसावी म्हणून आम्ही जमिनीवर पाणी मारतो, या वेळी जमीन कोरडी ठेवून झाडून घेतली. २६ आणि २७ जुलैला उघडीप मिळाली, त्यात रंग उरकला. चासी नंबर कोरलेली जागा घासून, वाचता येईल अशी ठेवून वर नुसतं ग्रीस लावलं. पासिंगला चासी प्रिंट घेतात, तिथे रंगाचे थर चढले की नंबर उमटत नाही. शेवटी रिफ्लेक्टर टेप: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.

पासिंग पहिल्याच फेरीत झालं.

एक गोष्ट मी चुकीची केली ती सांगायला हवी. केबिनच्या मागच्या भिंतीचा खालचा सांधा. जुलैच्या मध्यावर, सायंकाळी, पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर मी त्या सांध्यात सीलंट, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून भरायचा चिकट मसाला, भरलं. दमटपणाचं मीटर ९० च्या वर होतं, मी पाहिलं होतं. काकांचा फोन येऊन गेला होता आणि एक काम तरी आज संपवू म्हणून हात चालवला.

यंदा जूनमध्ये गाडी परत आली, मीच बोलावली होती. दरवाज्यांच्या तळाची भोकं मोकळी, आतून टॉर्च मारून पाहिलं तर मेण जसंच्या तसं. हौद्याखाली चॅनेल कोरड्या. भोकावरच्या जाळीत खवले होते, मुलगा दर फेरीला काढतो म्हणाला, आणि ते दिसत होतं. चुंबक सगळीकडे चिकटला. मग मागच्या सांध्याशी गेलो. सीलंटच्या खालच्या कडेला वीतभर लांबीची पिवळी रेघ. ब्लेडने सीलंट उचललं तर ते सालपटासारखं सलग निघालं आणि आत ओल.

तेवढा भाग उघडून, तीनदा धुऊन, दिव्याने तापवून ईपॉक्सी मारून ठेवलाय. सीलंट पावसात भरणार नाही. रविवारी कोल्हापूरचा फेरा नसतो, काकांनी ऑक्टोबरमधला दुसरा रविवार त्यासाठी सांगून ठेवलाय.